जीजींचे टाके

माझ्या मुलीच्या बंगळुरूच्या घरी जेवणाच्या टेबलावर मधोमध एक लहानसं आच्छादन घातलेलं असतं. छत्तीस चौकोनी तुकडे जोडून केलेलं, आत पातळ पॅडिंग, कडेला निळा गोट. तिच्याकडे येणारे लोक त्याची तारीफ करतात. प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या कोपऱ्याला नेमका भेटतो, केसाचाही फरक नाही. मुलगी सगळ्यांना सांगायची की हे माझ्या आईनं आणि आत्यानं मिळून शिवलंय. त्यात आत्याचं किती आणि आईचं किती, हे तिला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं.

आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. माझं माहेर साताऱ्याचं. तिकडे मी तिला वन्सं म्हटलं असतं, पण इंदूरच्या या घरात मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात, म्हणून मीही जीजीच म्हणू लागले. यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. पुढच्या पिढ्या कारकुनीत आणि मास्तरकीत गेल्या, आणि त्यांच्या मराठीत हिंदी कधी शिरली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार खटकायचं. जीजी म्हणायच्या, "मी बाजारातून भाजी घेऊन आली," आणि मी हळूच म्हणायचे, "आले." त्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "आली" म्हणायच्या. माझा तो स्वभावच होता. महूच्या एका शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. चुकलेलं दिसलं की माझा हात लाल पेनकडे जायचा.

जीजींचं लग्न देवासला झालं होतं. सहा वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, त्या इंदूरला परत आल्या. भावाच्या घरात राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन शिलाई मशीन टाकली. चाळीस वर्षं त्यांनी त्या खोलीत ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले. त्या भागातल्या किती मुलींच्या लग्नाचे ब्लाउज त्यांच्या हातचे असतील ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खडूची रेघ न आखता त्या सरळ शिवायच्या. प्रत्येक शिवणीच्या सुरुवातीला कापड जरासं मागे ओढून त्याच जागी तीन टाके पुन्हा घालायच्या आणि मग पुढे जायच्या. मी एकदा विचारलं, याची काय गरज. त्या म्हणाल्या, "गाठ कधी ना कधी सुटते, टाक्यावर टाका असला की सुटत नाही."

माझी मुलगी त्या खोलीत वाढली असं म्हटलं तरी चालेल. मी सकाळी राजेंद्र नगरहून महूची बस पकडायचे ते दुपारी चारला परत यायचे. शाळा सुटली की मुलगी आत्याकडे. मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसून ती बाहुल्यांचे कपडे करायची, तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. संध्याकाळी मी घ्यायला गेले की तिला घरी यायचं नसायचं. मी कधी काही बोलले नाही. पण मनात जे यायचं ते यायचंच, आणि ते इतकी वर्षं टिकून राहिलं हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी जीजींचे हात थरथरायला लागले. गिऱ्हाइकांचे ब्लाउज परत यायला लागले तशी त्यांनी स्वतःच खोली सोडली. हे आणि मी जाऊन त्यांना राजेंद्र नगरला घेऊन आलो. सामान फार नव्हतं. मशीन मात्र आणली, ती गॅलरीत खिडकीशी ठेवली. मीही नुकतीच रिटायर झाले होते. आम्ही दोघी पहिल्यांदाच दिवसभर एका घरात राहू लागलो आणि खरं सांगते, बरं चाललं होतं. सकाळी पोहे, मग भाजी निवडणं, दुपारी एखादी मालिका. त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली होती. दूधवाला किती दिवस आला नाही, गॅसची टाकी कधी लावली, सगळं त्यांना तोंडपाठ.

मुलीनं नवीन घर घेतलं तेव्हा तिच्याकडून एक पार्सल आलं. आत कापडाच्या चौकोनांचा एक गठ्ठा होता, फितीनं बांधलेला. सगळे पाच इंचांचे, कारखान्यात कापलेले, कडा बारीक दातेरी म्हणजे सुतं निघू नयेत. एकूण बेचाळीस, प्रत्येकाचं छापकाम वेगळं. बरोबर चिठ्ठी होती. 'आई, आत्या, माझं टेबल छोटं आहे. त्यावर घालायला दोघी मिळून काहीतरी शिवा. वास्तुशांतीच्या आधी पाठवा.'

जीजींनी तो गठ्ठा हातात घेतला आणि पत्ते पिसावेत तसा अंगठ्यानं सरसरवून पाहिला. "कापायचंच काम नाही ठेवलं की," त्या म्हणाल्या. पण खूश होत्या. दुपारभर त्या आणि मी जेवणाच्या टेबलावर चौकोन मांडत बसलो. मी रंगांच्या क्रमानं लावत होते, फिक्याकडून गडदाकडे, फळ्यावर आलेख काढावा तसं. त्या मध्येच दोन-चार उचलून भलतीकडेच ठेवायच्या. "असं बघ ना, हा लाल इथे एकटा बसू दे. सगळे लाल एकत्र बसले तर झगडा करतात." आणि त्यांचंच बरोबर असायचं. शेवटी सहा गुणिले सहा अशी मांडणी झाली, ती जवळजवळ सगळी त्यांची.

शिवण पाव इंच आत घ्यायची, सगळीकडे सारखी. आधी सहा-सहा चौकोनांच्या सहा ओळी शिवायच्या, मग ओळी एकमेकींना जोडायच्या. शिवण कुठे जास्त, कुठे कमी घेतली गेली की ओळी लहान-मोठ्या होतात आणि कोपरे जुळत नाहीत. हे मी फोनवर बघून जीजींना समजावलं. चाळीस वर्षं शिवण केलेल्या बाईला मी हे समजावलं, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ओळी मी करते. तू इस्त्री कर, टाचण्या लाव."

तीन सकाळी त्या मशीनवर बसल्या. रोज दोन ओळी. एकेका तुकड्यावर त्या किती वेळ थांबायच्या ते मी आतून बघत होते. उजवा हात थरथरला की डाव्या हातानं मनगट धरायच्या, थरथर थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघायच्या आणि मग पायडल मारायच्या. तिसऱ्या दिवशी सहावी ओळ संपली तेव्हा त्यांनी सगळ्या ओळी खुर्चीच्या पाठीवर लटकवल्या आणि मला हाक मारून दाखवल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शेजारच्या बाईंबरोबर त्या अन्नपूर्णेच्या दर्शनाला गेल्या. तिथून जुन्या गल्लीत दोन-तीन घरी जाऊन येणार होत्या. मी ओळी इस्त्रीला घेतल्या आणि पट्टी लावून पाहिली. दोन ठीक होत्या. बाकी चार ओळींमध्ये शिवण कुठे पाव इंच, कुठे अर्धा, एके ठिकाणी तर चौकोन तिरकाच गेलेला. एक ओळ दुसरीपेक्षा पाऊण इंच आखूड भरली.

मी बसून विचार केला असं नाही. मी ब्लेड घेतलं.

वास्तूला मुलीच्या ऑफिसचे लोक येणार, सासरचे येणार, ती फोटो टाकणार, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं नव्हतं. पण त्याखाली अजून एक गोष्ट होती. तिच्या टेबलावर जे पडेल त्यात माझा हात दिसावा असं मला वाटत होतं. चार ओळींच्या वीस शिवणी मी उसवल्या, सुतं वेचून काढली, पट्टी लावून पुन्हा शिवल्या आणि इस्त्री करून होत्या तशा लटकवल्या. अडीच तास लागले. शेवटची शिवण झाली तेव्हा मला गणित सुटल्यासारखा आनंद झाला, हेही लिहायला हवं.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर जीजी ओळी जोडायला बसल्या. मी टाचण्यांची डबी घेऊन शेजारी. त्यांनी पहिली ओळ उलटी केली आणि सवयीनं शिवणीवरून अंगठा फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला. दुसरी ओळ घेतली, मग तिसरी. चष्मा वर करून कापड डोळ्यांजवळ नेलं.

"हे टाके माझे नाहीत," त्या म्हणाल्या.

रागानं नाही म्हणाल्या. एखादी वस्तू ठेवल्या जागी नसावी तसं म्हणाल्या. मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. जीजी, जरा वाकडं होतं म्हणून मी सारखं केलं, एवढंच. त्या रागावल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या. पण त्यांचा तो परवाचा मोकळा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी घाबरले.

"तुमचेच आहेत, जीजी," मी म्हणाले. "तुम्हीच तर शिवलेत."

"मी सुरुवातीला तीन टाके परत घालते. इथे नाहीत."

"राहिले असतील. हात दुखत होता ना तुमचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या मोजत होते. मग त्यांनी ओळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "असेल. मला याद नाही." आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, "पण शिवताना तर मी घातले होते."

त्यानंतरचं सगळं मीच केलं. ओळी जोडल्या, पॅडिंग आणि अस्तर घालून शिवणींवरूनच टीप मारली. गोट तरी तुम्ही लावा म्हटलं, गोट लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "तू कर. मी काय शिवेन आणि काय विसरेन, भरोसा नाही." वास्तूच्या दिवशी मुलीनं व्हिडिओ कॉल केला, टेबल दाखवलं आणि म्हणाली, आत्या, तुझा हात अजून किती साफ आहे गं. जीजी म्हणाल्या, "तुझ्या आईनं केलं सगळं. मी बसून होती." मुलीला तो नम्रपणा वाटला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

थोड्या दिवसांनी त्यांनी भावाला सांगून एक वही मागवली. रोज सकाळ-दुपार त्या तिच्यात लिहायच्या. गोळ्या घेतल्या. गॅस बंद केला. दाराला कडी लावली. यांनी मला विचारलं, जीजीला काय झालंय. मी म्हटलं, वय झालं. मग एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या की मला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल. मी घेऊन गेले.

डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, त्यांनी सांगितला. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, ते पाच मिनिटांनी क्रमानं सांगितले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. इंचपट्टीवर आयुष्य गेलेली बाई, ती कुठे अडखळणार. डॉक्टर हसून म्हणाले, "माताजी, आपकी याददाश्त तो मुझसे अच्छी है."

"नहीं डॉक्टर साब," जीजी म्हणाल्या. "मैं अपने टांके भूल गई. चालीस साल के टांके."

डॉक्टरांना ते नीट कळलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि घरात आणखी काही लक्षात आलं का, असं विचारलं. माझ्या मांडीवर जीजींची पर्स होती. मी तिची चेन उघडत होते, लावत होते.

"नहीं," मी म्हणाले, "और कुछ नहीं."

त्या आठवड्यात त्यांनी मशीन आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला देऊन टाकली. तिच्या सुनेला शिवण शिकायची होती. बाई नको नको म्हणत होती, जीजींनी ऐकलं नाही. गॅलरीतून मशीन निघाली तेव्हा फरशीवर चार पायांचे डाग राहिले. मी ते पुसले.

मी सांगितलंच नाही असं नाही. सांगितलं. पण चार महिने गेल्यावर. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. यावेळी न थांबता बोलायचं असं मी सकाळीच ठरवलं होतं आणि एका दमात बोलून टाकलं. जीजी, ते टाके मी उसवले होते. तुम्ही देवळात गेला होतात तेव्हा. चार ओळी मी पुन्हा शिवल्या आणि तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही काही विसरला नाहीत.

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग त्या हसल्या, आणि ते हसू मी कधी विसरणार नाही, कारण त्यात माझ्याबद्दल माया होती.

"माझं मन राखतेस, वहिनी," त्या म्हणाल्या.

"नाही जीजी, खरंच सांगते."

"तू मास्तरीण. माझं 'आली'चं 'आले' करायला तू तीस वर्षं दम सोडला नाहीस. एवढं केलं असतंस तर तेव्हाच तोंडावर सांगितलं असतंस." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रहने दे. मला आता त्याचं काही वाटत नाही."

मी अजून एकदा म्हटलं, की खरं आहे. त्या मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या.

पुढच्या जानेवारीत थंडीनं त्यांच्या छातीत कफ भरला. चार दिवस दवाखान्यात होत्या. चौथ्या दिवशी सकाळीसुद्धा नर्सला त्यांनी सांगितलं की सहाची गोळी द्यायची राहिली आहे, आणि ती खरंच राहिली होती. दुपारी त्या गेल्या.

दहावा-तेरावा झाल्यावर मुलगी आठवडाभर राहिली. आत्याचं कपाट तिनंच आवरायला घेतलं. तिथे तिला ती वही सापडली. ती पलंगावर बसून वाचत होती आणि मी दारात उभी होते. देवनागरीत, अर्धी हिंदी अर्धी मराठी. पानामागून पान. गोळ्या घेतल्या. दूध तापवलं. भावाचा वाढदिवस उद्या. सगळ्या वहीत एकही चूक नव्हती. मग मुलीनं एक ओळ मोठ्यानं वाचली.

"'आज वहिनी म्हणाली की टाके तिने बदलले होते. माझ्यासाठी झूठ बोलली. मनाची चांगली आहे.'" तिनं वर बघितलं. "हे काय आहे, आई?"

मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून सगळं सांगितलं, ब्लेडपासून डॉक्टरपर्यंत. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "मला वाकडंच हवं होतं गं. म्हणून तर इथे पाठवलं. सरळ तर दुकानात मिळतं." आणि रडायला लागली. मी जवळ गेले तर तिनं हात बाजूला केला. जाताना ती वही बरोबर घेऊन गेली. महिनाभर तिचे फोन बापाच्या मोबाइलवर यायचे. आता पुन्हा माझ्या फोनवर येतात, आणि ती पहिल्यासारखं बोलते, जवळजवळ पहिल्यासारखं.

मध्यंतरी तिनं विचारलं की आत्याला पटावं म्हणून अजून काही करता आलं नसतं का. आलं असतं. ते आच्छादन बंगळुरूहून मागवून एक कोपरा उसवून त्यांच्या अंगठ्याखाली देता आलं असतं. ज्या दोन ओळी मी सोडल्या होत्या त्यांत त्यांचे तीन टाके होते, बाकी चारांत नव्हते. त्या बाईला तेवढा पुरावा पुरला असता. ते नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगता आलं असतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शाळेत एकेक उदाहरण मी मुलांना दहा वेळा समजावलं आहे. जीजींना मी एकदा सांगितलं. आणि त्यांनी मानलं नाही, मला चांगली म्हणून उठून गेल्या, तेव्हा माझ्या मनाला क्षणभर सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. मुलीला मी बाकीचं सगळं सांगितलं आहे, हे नाही.